आगवाले, बर्फवाले आणि तू

विलास,

सगळ्यात आधी हे सांगतो, की तुझं म्हणणं मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं. मला ते पटलेलं नव्हतं, आजही नाही. पण सांगितलं. आता बाकीचं सावकाश ऐक.

आपल्या मराठी मंडळाचे सचिव घरी आले होते. म्हणाले, काका, अंकासाठी विलासरावांवर एक पान द्या, जन्म, शिक्षण, पदं, पुरस्कार. मी म्हटलं, ते सगळं त्याच्या कंप्युटरमध्ये असेल, तिथून उतरवून घ्या. मी चौथी शिकलेला माणूस. लिहीन तर त्यालाच लिहीन, तुमच्या अंकात बसलं तर छापा. तुझी ताई शेजारी बसली आहे. काना-मात्रा ती बघणार, मजकुराला हात लावायचा नाही, असं ठरलं आहे. मास्तरीण होती म्हणून काही सगळीच माझी वाक्यं चुकीची नसतात.

मिसरोदच्या घरी वरच्या मजल्यावर तू राहायला आलास, तेव्हा मला वाटलं होतं, रिटायर झालेला साळा येतोय, सकाळी फिरायला सोबत होईल. तू आलास ते पेट्या भरून दगड आणि अर्धं जग घेऊन. दुपारचा चहा झाला की वरून आवाज सुरू. आइसलँड, चिली, न्यूझीलंड, अमेरिका. कुठे नुकतं उजाडलेलं, कुठे लोक झोपायला निघालेले. बर्फाखाली ज्वालामुखी असतो, तो तापला तर वरच्या बर्फाचं काय होतं, आणि बर्फ कमी झाला तर खालचा ज्वालामुखी कसा वागतो, हे शोधणारी ती माणसं. अर्धे आगवाले, अर्धे बर्फवाले. आणि त्या सगळ्यांचा प्रमुख तू, खाली लुंगी आणि वर इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला, कारण कॅमेऱ्यात तेवढंच दिसतं.

मी एकदा विचारलं होतं, "का रे साळेबुवा, भोपाळात ज्वालामुखी नाही, आणि बर्फ म्हणशील तर रसाच्या गाडीवर असतो तेवढा. मग तुलाच का धरलं त्यांनी?"

"म्हणूनच धरलं, भाऊजी. ज्याच्या गावात डोंगर आहे त्याला वाटतं, आपलाच डोंगर मोठा. माझ्या गावात दोन्ही नाही. माझी कुणाला भीती नाही."

हे उत्तर मला फार आवडलं होतं. तसं मी म्हणालो नाही. म्हणालो, "म्हणजे रिकामा माणूस बघून काम दिलं." तू हसलास आणि चहाचा कप माझ्याकडे सरकवलास. आवडलं होतं, हे आता लिहून ठेवतो.

तुझं काम मला समजावण्याचा तुला भारी नाद. दुसरा कुणी असता तर चौथीवाल्याला काय सांगायचं म्हणून त्यानं सोडून दिलं असतं. एका पावसाळ्यात मोठा तलाव भरला आणि भदभदा धरणाचे दरवाजे उघडले, ते बघायला सगळं भोपाळ गेलं, आपणही गेलो. पाणी धो धो खाली जात होतं, लोक भुट्टे खात होते. तू म्हणालास, "हे दरवाजे उघडण्याआधी खालच्या वस्तीला सांगतात ना?" मी म्हटलं, भोंगा वाजतो, माणसं फिरतात. "बर्फाखाली डोंगर तापला की असाच तलाव साठतो, भाऊजी. पण आत. वरून दिसत नाही, आणि त्याला दरवाजा नसतो. एक दिवस तो फुटतो आणि चिखल, दगड, बर्फाचे घरांएवढे तुकडे घेऊन खाली येतो. आमचं काम एवढंच, की भोंगा आधी वाजावा."

त्या दिवसापासून मी तुझ्या कामाची थट्टा केली नाही. तुझी केली, ती वेगळी. या शहरात ज्यानं गॅसची रात्र काढली त्याला आधी सांगणं म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही.

तुझे दगड मात्र मला कधी कळले नाहीत. एक काळा गुळगुळीत तुकडा आणून माझ्या हातात दिलास. म्हणालास, लाव्हा बर्फाला लागला की वरचा थर असा काचेसारखा होतो, आतला हळूहळू निवून साधा दगड होतो. "तुमच्यासारखा. वरून चकचकीत, आतून दगड."

"आणि तू?"

"मी तर अजून निवलोच नाही."

तुझी ताई आतून म्हणाली, "दोघंही दगडच आहात, जेवायला या."

करोंदच्या मंडीत माझी सगळी हयात गेली. आधी हमाली, मग आडत. शेतकऱ्याचा माल लिलावात उभा करायचा आणि व्यापाऱ्याशी भाव जुळवायचा, हा धंदा. तुला तो लिलाव बघायचा होता. गव्हाचे दिवस होते. व्यापाऱ्यांचा घोळका ढिगामागून ढीग पुढे सरकत होता. प्रत्येक जण मूठभर गहू उचलतो, तळहातावर पसरतो, एखादा दाणा दाताखाली फोडतो, आणि सगळ्यांच्या मुठी होईपर्यंत कुणी भाव बोलत नाही. तू डोक्यावर रुमाल टाकून बराच वेळ बघत उभा होतास. परत येताना गाडीत म्हणालास, "हा नियम मी आमच्याकडे लावणार. आधी सगळ्यांनी माल हातात घ्यायचा. मग बोलायचं."

मी म्हटलं, "अरे बाबा, ते काही न्यायानं गप्प नसतात. भाव चढू नये म्हणून गप्प असतात."

"कारण काही असो. गप्प तर असतात."

आणि तू तो लावलास. कुणाची नवी मोजणी आली, नवे फोटो आले, की आधी सगळ्यांना पाठवायचे, सगळ्यांनी नीट बघायचे, मगच मीटिंग. त्याला तुम्ही लोक मूठ म्हणायला लागलात. मूठ झाली का, मूठ बाकी आहे. आइसलँडची ती सिग्रून, बर्फवाल्यांतली मोठी बाई, तिच्या तोंडी ठ काही बसत नाही, तरी मूठच म्हणते. मला तिचं नाव जमलं नाही म्हणून मी तिला सगुणाबाई करून टाकलं आणि पुढे तूही तेच म्हणायला लागलास. चिलीचा एस्तेबान आगवाला. तापट, हात नाचवत बोलणारा. त्याचं घर म्हणे खरोखरच बर्फानं झाकलेल्या ज्वालामुखीच्या पायथ्याशी, नदीच्या काठी. तो बोलायला लागला की मी खालून ओळखायचो, आज जुंपली. मग तुझा आवाज यायचा, हळू. काय बोलायचास ते कळायचं नाही, पण थोड्या वेळानं सगळे हसायचे.

आता तो वाद. तुझा-माझा.

आपल्या मंडळात एकदा दोन अध्यक्ष नेमले होते, आठवतं ना. कारखान्यात नोकरीला आलेले पुण्या-मुंबईचे इंजिनियर एका बाजूला, आणि सरकारी ऑफिस नागपूरहून इथे हललं तेव्हा त्याच्यासोबत आलेल्यांची आमच्यासारखी पोरं दुसऱ्या बाजूला. भांडण नको म्हणून दोघांचा एकेक. संमेलन आलं. दोन्ही अध्यक्षांनी आपापले प्रमुख पाहुणे बोलावून ठेवले, एकमेकांना न विचारता. विचारलं असतं तर कमीपणा आला असता. ऐन वेळी स्टेजवर पाहुणे दोन आणि शाल एक. एकाला शाल दिली, दुसऱ्याला नुसता नारळ. नारळवाले पाहुणे न जेवता निघून गेले. पुढची कोजागिरी दोन ठिकाणी झाली आणि मंडळ पुन्हा एक व्हायला किती वर्षं गेली ते तुला माहीत आहे.

मी हे सांगितलं की तुझं ठरलेलं उत्तर. "चूक दोन पाहुण्यांची नव्हती, भाऊजी. एकच शाल आणली, ती चूक." शाल मी आणली होती, हे तुला पक्कं ठाऊक. मला एकच आणायला सांगितली होती, हेही ठाऊक. तरी म्हणायचास.

दुखण्यात तू गॅलरीत खुर्ची टाकून बसायचास. बोलताना दम लागायचा, पण बोलायचं थांबवायचा नाहीस. एक दिवस म्हणालास, "पुढच्या मीटिंगला सांगून टाकणार आहे. माझ्यामागे सगुणाबाई आणि एस्तेबान. दोघं, बरोबरीनं."

मी म्हटलं, "दोघं कशाला? एकट्या सगुणाबाईला दे. बाई खंबीर आहे. दोघं म्हणजे रोजचं भांडण."

"भांडण होणारच आहे. दोघांमध्ये झालं तर दोघांत राहील. एकालाच बसवलं तर सगळ्यांत होईल. निम्मे उठून जातील."

"शाल आठव."

"दोन आणा ना."

तू हसायला गेलास आणि खोकल्यानं बेजार झालास. तुझी ताई पाणी घेऊन आली आणि मला म्हणाली, "आजारी माणसाशी वाद घालता. लाज वाटत नाही?" मला वाटली नाही. वाद घालायला लागलास की तू मला आजारी दिसायचा नाहीस. म्हणून मी घालायचो.

तो वाद तिथेच राहिला. पुढे हबीबगंजच्या बाजूचा दवाखाना, नाकातोंडावर मास्क, बोलणं बंद. तुमच्या मीटिंगचा दिवस आला आणि गेला. तू डोळ्यांनी मला काही विचारत होतास. मी म्हणालो, बरा हो, मग भांडू. सकाळी डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी सांगितलं. नर्मदेवर जाऊन आम्ही तुला सोडून आलो. पाणी संथ होतं. त्याबद्दल जास्त लिहिणार नाही.

तेरावं झालं आणि सगुणाबाईचा मेल आला. तुझी ताई चष्मा लावून वाचत गेली आणि मला मराठीत सांगत गेली. तुझ्याबद्दल चांगलं चांगलं लिहिलं होतं. शेवटी लिहिलं होतं, की ग्रुपमध्ये बरं चाललेलं नाही. आगवाले म्हणतात, आपण आपले वेगळे होऊ, बर्फवाल्यांचंही तेच. विलासनं पुढचं काही कुणाला सांगितलं होतं का? त्याचा शब्द असेल तर सगळे मानतील. नसेल, तर ग्रुप मोडेल असं दिसतं.

तुझी ताई म्हणाली, "माझ्याजवळ काही बोलला नाही. तुमच्याजवळ?"

मी म्हटलं, "बघतो."

"त्यात बघायचं काय? बोलला का नाही बोलला?"

मी चपला घातल्या आणि होशंगाबाद रोडवर फिरायला निघून गेलो.

दोन दिवस मी उत्तर दिलं नाही, विलास. ऐकणारा मी एकटा होतो. गॅलरीत तिसरं कुणी नव्हतं. मी एकच नाव सांगितलं असतं तर खरं-खोटं करायला कोण येणार होतं? आणि माझ्या मते तेच ग्रुपच्या भल्याचं होतं. मी काही तुझं वाईट करत नव्हतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिसरोदच्या बाजारात मेथीची जुडी हातात घेऊन उभा होतो. भाजीवाली म्हणाली, "दादा, लेना है कि देखते ही रहोगे?" तेव्हा माझं ठरलं. आडत्या शेतकऱ्याचा भाव व्यापाऱ्याला सांगतो, तेव्हा तो शेतकऱ्याचाच सांगतो. आपलं मत असेल तर नंतर वेगळं बोलतो. माझी आडत त्यावरच चालली. शेवटच्या सौद्यात, तेही तुझ्या, भेसळ कशी करू?

घरी येऊन म्हटलं, "बोलला होता. मीटिंग लाव. मेलवर नाही सांगणार, तोंडानं सांगीन."

"तोंडानं? इंग्रजी कुठे येतं तुम्हाला?"

"तू आहेस ना."

तुझ्याच खोलीत बसलो. मीही इस्त्रीचा शर्ट घातला, पण खाली पँट घातली. कंप्युटरवर डब्याडब्यांत इतके चेहरे, सगळे माझ्याकडे बघणारे. मी म्हणालो, "विलासचं म्हणणं असं होतं, की सगुणाबाई आणि एस्तेबान, दोघांनी बरोबरीनं ग्रुप चालवावा. हे त्याचं. आता माझं सांगतो. मला हे चूक वाटतं."

तुझी ताई थांबली. माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "हेही सांगू?"

"सांग. पण वेगळं वेगळं सांग. त्याचं त्याचं, माझं माझं."

तिनं सांगितलं. मग एस्तेबाननं विचारलं, चूक का वाटतं? मी शालीची गोष्ट सांगितली. शाल का देतात आणि नारळ का देतात, हे समजावण्यातच तुझ्या ताईचा घाम निघाला. मध्येच तिला हसू यायला लागलं, तर ते लोक आधी तिच्या हसण्यालाच हसले.

मग सगुणाबाई म्हणाली, ही गोष्ट आम्हाला माहीत आहे. विलासनं सांगितली होती. त्यात शेवटी शाल आणणारा माणूस पुढे होतो, स्वतःच्या खांद्यावरचं उपरणं काढतो आणि दुसऱ्या पाहुण्याला घालतो. तो माणूस तुम्हीच का?

तुझ्या ताईनं मराठीत सांगितलं आणि माझ्याकडे बघत राहिली. तिला माहीत होतं, असं काही झालं नव्हतं. माझ्या खांद्यावर त्या दिवशी उपरणंच नव्हतं. तू साफ खोटं सांगितलंस, त्या इतक्या मोठमोठ्या लोकांना, काय माहीत किती वेळा. आणि मी, आत्ताच भेसळ नको म्हणून छाती पुढे काढून बसलेला, मी मान हलवली. हो म्हणालो. ते मी दुरुस्त केलं नाही, करणारही नाही. तू मला शहाणा करून जगभर फिरवलंस आणि घरी त्याच गोष्टीवरून टोमणे मारलेस. कसला माणूस तू.

त्यांनी तुझा शब्द मानला. दोघंही हो म्हणाले. एस्तेबान रडला, त्यानं ते लपवलं नाही.

मी म्हणत होतो तसंच झालं, लगेच जुंपली. एस्तेबानच्या डोंगरावर बर्फाखाली ऊब वाढल्याचं एका यंत्रावर दिसलं. तो म्हणाला, खालच्या गावांना आजच सांगा. सगुणाबाई म्हणाली, दुसऱ्या यंत्राचं येऊ दे, सगळ्यांनी बघू दे, मूठ पूर्ण होऊ दे. उगाच भोंगा वाजवला आणि काही झालं नाही, तर पुढच्या वेळी कुणी ऐकणार नाही. दोघांचंही बरोबर. तुझाच नियम, आणि तुझंच भोंग्याचं बोलणं, दोन्ही समोरासमोर उभी. एकाच दुपारी दोघांचे वेगवेगळे मेल तुझ्या ताईला. दोन्हीकडे एकच प्रश्न. विलास असता तर काय म्हणाला असता?

तुझी ताई म्हणाली, "काय लिहू? तुम्हीच त्याच्या जास्त जवळ बसायचात."

मला काय वाटतं ते मला चांगलं माहीत होतं. आणि तुझ्या नावावर सांगितलं असतं तर लगेच झालंही असतं. तू काय म्हणाला असतास ते मात्र मला खरंच माहीत नाही. मग म्हटलं, "लिही. विलास आता नाही. तो काय म्हणाला असता ते आम्हाला माहीत नाही. तुमचं तुम्ही ठरवा."

तिचा हात थांबला. आमच्या घरात हे वाक्य तोवर कुणी बोललं नव्हतं. आम्ही दवाखान्याचं म्हणायचो, नर्मदेला गेलो तेव्हाचं म्हणायचो, तुझ्या खोलीचं म्हणायचो. तो नाही, असं कधी म्हटलं नव्हतं. तिनं पदरानं चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि टाइप केलं.

"आता खाली माझं वेगळं लिही," मी म्हटलं. "लिही, की हा भोपाळचा म्हातारा आहे, विलासचा भाऊजी. तो म्हणतो, खात्री नसेल तर खात्री नाही असं सांगा, पण सांगा. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं."

परवा उत्तर आलं. मेल एकच, खाली नावं दोघांची. दोघांनी मिळून तिथल्या रेडिओवर सांगितलं. एस्तेबाननं त्यांच्या भाषेत, की सध्या नदीकाठी मुक्काम करू नका, जनावरं वर हलवा. आणि सगुणाबाईनं, की आम्हाला अजून किती माहीत नाही, आणि माहीत होईल तसं आम्ही दोघं पुन्हा येऊन सांगू. डोंगर अजून गप्प आहे.

तुझ्या ताईनं वाचून दाखवलं आणि माझ्याकडे बघत बसली.

"काय?" मी म्हटलं.

"काही नाही. दोघांनी मिळून केलं, एवढंच म्हणते."

"एकदा केलं. एकदा करून काही ठरत नाही. वर्षभर चालू दे, मग बघू."

"आणि वर्षभर चाललं तर?"

"तर कबूल करीन. मी काही खोटा माणूस नाही."

"कुणाजवळ कबूल कराल?"

ती चहा ठेवायला आत गेली, आणि मी हे लिहायला बसलो.